खिडकीकडे चढ

हिरवट पाण्यातला तो बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या बरोबर मधे थांबायला हवा होता. थांबला नाही. सावकाश पुढे सरकला, पलीकडच्या रेघेवर अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसला, आणि बसूनच राहिला... खिडकीच्या बाजूला. म्हणजे जमीन खिडकीकडे चढलेली. म्हणजे हेही घर वाकडंच. हॉलच्या दारात उकिडवा बसून तो त्या बुडबुड्याकडे बघत होता आणि, खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटत होतं. सपाटी तपासायची ती पाणसळ त्याची स्वतःची; वीतभरसुद्धा लांब नसलेली, पितळी, एका टोकाला खिळ्याला अडकवायचं भोक असलेली, शर्टाच्या खिशात मावणारी. घर बघायला गेलं की आधी बूट काढायचे, दारातच बसायचं, भोकाचं टोक पुढे करून पाणसळ फरशीवर ठेवायची आणि बुडबुडा थांबेपर्यंत गप्प राहायचं, ही त्याची रीत. खिडकीतून काय दिसतं, भिंतींना रंग कुठला, कपाटं किती, हे सगळं नंतर. ती सगळी रंगरंगोटी.

"सर, उजेड बघा ना काय आहे!" मागून हसरी म्हणाली.

हसरी म्हणजे घरं दाखवणारी एजंट बाई. तिनं पहिल्या दिवशी नाव सांगितलं होतं आणि तो पहिल्याच दिवशी ते विसरला होता. अकरा महिने झाले, हे तेविसावं घर, आणि ही बाई अजून हसते. लिफ्ट बंद पडली तरी हसते. एकदा चावीच विसरून आली होती, तर एकतिसाव्या मजल्यावर बंद दाराला पाठ लावून हसत उभी राहिली. अशा माणसांची त्याला मनापासून चीड होती. एवढे दात दाखवायची हौस, तर दातांच्या दवाखान्यात नोकरी धरावी.

"उजेड काय तुमच्या मालकांनी बसवून घेतलाय?" तो न उठताच म्हणाला.

"नाही सर," हसरी हसून म्हणाली. "तो आपोआप येतो."

आपोआप! या शहरात आपोआप म्हणून काही होत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? नव्या इमारती बांधून झाल्या की लोकांच्या ताब्यात देण्याआधी त्यांतले दोष हुडकायचे, हेच त्याचं पोटापाण्याचं काम. त्यासाठीच कंपनीनं त्याला इतक्या लांबून इथं आणलं होतं, आणि येऊन तीन वर्षं झाली होती. फरशीवर बोटाच्या पेराने टकटक करायची—भरीव वाजली तर ठीक, पोकळ वाजली तर निळ्या खडूनं फुली. दारं उघडून मधेच सोडून द्यायची, आपण होऊन फिरली तर फुली. ऑफिसात त्यांचा एक अलिखित नियम होता, की दहाच्या आत दोष निघाले तर तो अहवाल वर पाठवायचाच नाही, पाठवला तर मोठे साहेब दोन बोटांत धरून परत करायचे आणि विचारायचे, "झोपला होतात का?" त्यामुळे दहा निघायचेच. न निघाले तर काढायचे. त्याला मात्र कधी ओढूनताणून काढावे लागले नव्हते. त्याचे चाळीस-पन्नास सहज निघत, आणि सगळे अस्सल. त्याचा हात धरणारा त्या ऑफिसात कुणी नव्हता, आणि हे इतर कुणी म्हणत नसलं तरी तो स्वतः म्हणत असे.

पाणसळ तशीच ठेवून तो उठला. गुडघा कटकन वाजला. हसरीनं ऐकलं असणार; बाई आणि काय काय ऐकणार आहे कुणास ठाऊक. भिंतीवरून त्यानं तळहात फिरवला. गिलावा चांगला होता, कुठे फुगवटा नाही, ओल नाही. त्याला जरा राग आला. स्वयंपाकघरातला नळ सोडला, बंद केला, थेंबाची वाट बघितली... थेंब पडला नाही. फरशा टकटक करत तो बाल्कनीच्या दारापर्यंत गेला आणि तिथून परत आला. एकही पोकळ नाही. बेटा मालक मोठा हुशार दिसतो. सगळं झाकलंन्, पण जमीन कशी झाकणार?

कारण जमिनीचं त्याला कळलं होतं. चौथ्या-पाचव्या घरापासूनच कळलं होतं की या शहरातली एकूण एक घरं खिडकीकडे चढलेली असतात आणि दाराकडे उतरलेली. सुरुवातीला त्याला वाटलं योगायोग. पण सातवं तसंच, अकरावं तसंच, बाविसावं तसंच. इतके गवंडी, इतके इंजिनियर, आणि सगळ्यांचा हात एकाच बाजूला कलतो म्हणजे काय? मग त्यानं त्यावर एक सिद्धांतच बसवला होता आणि जेवणाच्या सुट्टीत तो दोघा-चौघांना ऐकवलाही होता, की हे लोक आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना घरं देतात ती मुद्दाम अशी, माणूस हळूहळू दाराकडे घसरत जावा आणि एक दिवस आपण होऊन बाहेर पडावा म्हणून. लोक हसले होते. तो हसला नव्हता. अहो, कंपनीनं त्याला जी खोली दिली होती तिचीसुद्धा तीच गत. आला त्याच दिवशी त्यानं तिथला स्वयंपाकाचा ओटा मोजला होता आणि तो अगदी नाकासमोर सरळ निघाला होता, केसाचाही फरक नाही, आणि गेल्या वर्षी बघतो तर तोच ओटा कललेला! इमारत खचतेय, दुसरं काय. त्यानं तशी रीतसर तक्रारही लिहून दिली होती. व्यवस्थापकानं माणूस पाठवला, त्या माणसानं ओट्यावर हात फिरवला, खांदे उडवले आणि निघून गेला. असले हे लोक.

"सर, आज ठरवायला लागेल बरं का," हसरी म्हणाली. प्रथमच तिच्या हसण्यात थोडी काकुळती होती. "मालक खालीच ऑफिसात बसलेत, करार घेऊन. शाळेचं पत्र तुम्हीच म्हणालात आज दोनपर्यंत..."

"माहितीये मला."

माहीत नसायला काय झालं? लेकीला इथल्या शाळेत जागा मिळाली होती. शाळेला आज दोनच्या आत घराचा दोन वर्षांचा करार दाखवायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. आता पावणेबारा झाले होते. पुढचं वर्ष आहेच की, असं तो महिन्यापूर्वी फोनवर सहज बोलून गेला होता, तेव्हा बायको एकदम शांत आवाजात म्हणाली होती, "नाही. या वेळी झालं तर झालं. नाहीतर राहू दे, कायमचंच राहू दे. तू तिथं, आम्ही इथं. मी लॅबमध्ये राजीनामा देऊन बसलेय रे, त्यांनी तो अजून मंजूर केलेला नाही, परत घेता येईल. पण ती दर महिन्याला विचारते ना, या महिन्यात जायचं का, ते मला परत परत ऐकवत नाही." भांडण नव्हतं ते. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात त्याला दोष काढता येतात.

तो लहान खोलीकडे वळला. ही लेकीची झाली असती... होईल. उगाच नाही नाही ते मनात येतं. खोलीत एक खिडकी होती, खिडकीच्या कडेला बसता येईल एवढी रुंद कड होती आणि त्या कडेवर आधीच्या कुणाचं तरी पुसलं न गेलेलं पेन्सिलचं चित्र होतं—मासा, किंवा मग विमान. दोष क्रमांक एक, त्याच्या डोक्यात आपोआप लिहिलं गेलं. लगेच त्याला स्वतःचाच कंटाळा आला. मासा हा दोष?

इथं येऊन राहिलेले त्याच्या ऑफिसातले दुसरे लोक बघा. आले, आठ दिवसांत मिळेल ते घर घेतलं, दाराशी पायपुसणं टाकलं, बायकापोरं आणली, बाल्कनीत कुंड्या मांडल्या आणि कुंड्यांसकट फोटो पाठवले घरी. कुठलं पाणी कुठं मुरतंय याची अक्कल नाही. त्यांतला एक तर त्याला म्हणाला होता, "अहो, घर काय, माणसं आली की होतं सरळ." त्यानं त्यावर नुसतं नाक मुरडलं होतं. माणसं आली की घर सरळ होतं! या असल्या वाक्यांवरच या लोकांचे संसार उभे आहेत.

आणि माझा?... माझा संसार फोनमध्ये उभा आहे. बावीस घरांचे फोटो आहेत त्यात. बायकोला पाठवलेले. पहिल्यात छताचा कोपरा, ओलीचा डाग. तिसऱ्यात दाराची चौकट, फट बोटभर. चौथ्यापासून पुढे जवळजवळ प्रत्येकात फरशीवर पाणसळ, बुडबुडा रेघेवर, खाली दोन शब्द, 'खिडकीकडे चढ'. बावीस घरं आणि एकाही फोटोत खिडकी नाही. बायकोनं सुरुवातीला 'अरेरे' लिहिलं, मग 'बरं', मग नुसताच अंगठा. सतराव्यानंतर अंगठाही बंद झाला.

त्यानं फोन काढला. तेविसाव्याचा फोटो घ्यायचा, पाठवायचा, हसरीला सॉरी म्हणायचं आणि खाली उतरून पहिली बस पकडायची. मग खोली. खोलीत एक खाट, एक ताट, एक कप. कप धुतला की भांडी संपली. जेवायचं ओट्याशी उभ्यानंच. रविवारी दारसुद्धा उघडायचं नाही, सकाळपासून एक शब्द तोंडातून काढायचा नाही, दुपारी आवाज आहे की गेला हे बघायला नुसतं खाकरायचं. पहिल्या वर्षी त्याला ते खायला उठायचं. दुसऱ्या वर्षी अंगवळणी पडलं. तिसऱ्या वर्षी... आवडायला लागलं. हो, आवडत होतं त्याला. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, सांगायचं कसं? लोक म्हणतात, बिचारा एकटा राहतो. घरी बायको चारचौघांत सांगते, तिकडे त्याचे फार हाल होतात हो. आणि हा इकडे कुणाचा टॉवेल मधे येत नाही म्हणून सुखात.

फोटो काढायला तो पाणसळीपाशी वाकला आणि हातातला फोन वाजायला लागला. बायको. व्हिडिओ. त्यानं कापला असता, पण हसरी बघत होती.

"मिळालं?" बायकोनं विचारलं. बाकी काहीच नाही. तिच्या मागे घरातलं कपाट उघडं होतं आणि त्यातले दोन कप्पे रिकामे होते. सामान बांधायला घेतलं होतं बाईनं.

"बघतोय. बाकी बरं आहे, पण जमीन—"

"खिडकीकडे चढ," बायको म्हणाली. हसली नाही, चिडलीही नाही. "मला या वेळी फोटो नको. मला घर दाखव. सगळं दाखव, फिरव तो फोन."

त्यानं फोन फिरवला. हॉल, भिंत, बाल्कनीचं दार... खिडकीपाशी त्याचा हात भराभर पुढे गेला तर बायको म्हणाली, "थांब, मागे घे," आणि त्याला मागे घ्यावा लागला. खिडकीत नुसतं आकाश होतं आणि समोरच्या उंच इमारतीत कुणाचे तरी वाळत घातलेले मोजे. बायको बघत राहिली. एवढ्यात पडद्यावर लेकीचं कपाळ आलं, मग सगळं तोंड. तिला घरात सगळे साहेब म्हणत; दहा वर्षांची होती आणि हुकूम सोडल्याशिवाय तिचा दिवस जात नसे.

"बाबा, ती पाणसळ दाखव. माझी."

"तुझी कधीपासून?"

"तूच म्हणालेलास, मोठी झालीस की तुझी. खाली धर ना फोन! अजून खाली." तिनं निरखून बघितलं. "भोक खिडकीकडे आहे."

"असू दे की."

"उलटी करून बघितलीस?"

"साहेब, बाबाचं कामच आहे ते."

"पण केलीस का उलटी? तूच शिकवलंस ना, टेबलावर, मी पहिलीत होते तेव्हा. आधी अशी ठेवायची, मग टोकं फिरवून तिथंच ठेवायची. बुडबुडा खोलीत त्याच बाजूला राहिला तर जमीन वाकडी, आणि पाणसळीबरोबर फिरला तर पाणसळच वाकडी. जमिनीला नावं ठेवायच्या आधी पाणसळ तपासायची. असं तुला काम शिकवणाऱ्या त्या गवंडीबाबांनी सांगितलेलं. हो की नाही आई?"

आई पडद्यात नव्हती, पण ऐकत होती.

हे शेंबडं पोर मला शिकवणार! त्याच्या ओठावर नेहमीचं ते हसू आलंसुद्धा, एका कोपऱ्यातलं, अहवाल परत करताना मोठ्या साहेबांच्या तोंडावर असतं तसलं. हसरी एक पाऊल पुढे येऊन मान वाकडी करून बघत होती. ठीक आहे, करून दाखवू. त्यानं पाणसळ उचलली, टोकं फिरवली, भोकाचं टोक दाराकडे, स्वतःकडे, आणि ती पुन्हा त्याच फरशीवर, त्याच जागी ठेवली.

बुडबुडा हलला. दोन रेघांच्या मधून सावकाश अलीकडे आला, अलीकडच्या रेघेवर अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसला. दाराकडे.

"फिरला!" लेक ओरडली. "फिरला, फिरला! जमीन सरळ आहे! आई, जमीन सरळ आहे, पाणसळच वाकडी आहे!" आणि तिकडे काही तरी पडल्याचा आवाज झाला, बहुतेक ती पलंगावर नाचत होती. हसरीनं टाळीच वाजवली. तिला त्यातलं अक्षरही कळलं नसणार, पण बाईनं टाळी वाजवली.

तो बसूनच राहिला. बावीस घरं... प्रत्येक वेळी भोक पुढे. दारात बसायचं आणि भोक पुढे करून ठेवायची. म्हणून खिडकीकडे. म्हणून सगळ्या शहराचा चढ खिडकीकडे... अरे वा! इतके गवंडी, इतके इंजिनियर, आणि एका माझ्या खिशातली पितळेची पट्टी. गाढवा. ऑफिसात लेझरची यंत्रं आहेत, दर महिन्याला तपासून घेतो मी ती, सही करतो. ही एवढी वीतभर वस्तू तपासायला काय झालं होतं? चुकून राहिलं म्हणावं तर... त्याला गेल्या वर्षीची ती दुपार आठवली. आठवली म्हणण्यात अर्थ नव्हता, ती तिथंच होती, इतके दिवस नुसती बाजूला सारलेली. बायकोचा मेसेज आला होता, 'राजीनामा दिला. आता येतोच आम्ही, घर बघ.' तो तेव्हा बेसिनशी उभा होता, हात ओला, पाणसळ बेसिनच्या कडेवर ठेवलेली, आणि वाचता वाचता कोपर लागून ती खाली फरशीवर आपटली. टणकन्. काच फुटली नव्हती. त्यानं पुसली, ओट्यावर ठेवली, आणि बुडबुडा रेघेवर गेला. जो ओटा दोन वर्षं सरळ होता त्याच ओट्यावर. तेव्हा एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याच्या हाताला कळलं होतं. हात ती फिरवायला निघालाही होता. मग त्यानं तो हात पुसला आणि म्हणाला, मोठ्यानं म्हणाला, रिकाम्या खोलीत, "इमारत खचतेय."

आणि तक्रार लिहून दिली.

"ए," फोनमधून बायको म्हणाली. लेकीचा आवाज आता दूर गेला होता, ती कुणाला तरी सांगायला पळाली असावी. पडद्यावर बायकोचं एकटीचं तोंड होतं. तिला पाणसळीतलं काही कळत नाही असं तो कायम धरून चालला होता. लग्नाला बारा वर्षं झाली, तिला भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही म्हणून चारचौघांत त्यानं तिची कितीदा थट्टा केली होती. पण ती लॅबमध्ये काम करते. सकाळी पहिला नमुना घालायच्या आधी यंत्र खरं सांगतंय की खोटं ते रोज तपासते. रोज सकाळी, न चुकता. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

फक्त एवढंच. आवाज चढलेला नव्हता. त्याला वाटलं, विचारायचंय ते पाणसळीबद्दलच का, की माझ्याबद्दल? मग वाटलं, दोन्हींचं उत्तर एकच आहे.

त्यानं नेहमीच्या जागी हात घातला. हसरीचे दात, मालकाची हुशारी, या लोकांची अक्कल, बायकोचा तो खिळा—काही तरी हाताला लागेल आणि बोलता येईल. काहीच लागेना. हसरी अजून तिथंच उभी होती. अकरा महिने तिनं एका माणसाला तेवीस दारं उघडून दिली होती आणि त्याला घर नकोच आहे हे तिला कदाचित बऱ्याच आधी कळलं होतं. तरी ती येत होती. ती या क्षणी हसत नव्हती. दमलेली दिसत होती, पायातला उंच टाचेचा एक बूट काढून दुसऱ्या पायावर भार टाकून भिंतीला टेकली होती.

"सर, मी खाली सांगते, थोडं थांबतात ते," ती हळूच म्हणाली आणि बूट हातात घेऊनच बाहेर गेली. दार तिनं ओढून घेतलं नाही. दार होतं तिथंच राहिलं, आपण होऊन फिरलं नाही.

तो उठला, लहान खोलीत गेला आणि खाली बसला. बावीस घरांत तो कधी बसला नव्हता, नुसता उकिडवा राहिला होता. पाठ भिंतीला लावून, पाय पसरून, मोज्यांसकट बसला. फरशी गार होती. डोक्याच्या वर तो मासा होता, की विमान. इथं दप्तर पडेल, इथंच, दाराच्या मधोमध, कितीही सांगितलं तरी. तिकडच्या खोलीत बायको असेल, फोनवर तिच्या बहिणीशी मोठमोठ्यानं बोलत. रविवारी कुणी तरी सात वाजल्यापासून उठवेल. बोलावं लागेल. सकाळपासून, रोज, खाकरून न बघता बोलावं लागेल. आणि त्या दोघी आपल्याकडे बघतील, जवळून, रोजच्या रोज, आणि त्यांना काय काय दिसेल... तर हे होतं. भीती वाटतेय मला. साधी भीती. एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खं शहर वाकडं करून ठेवलं होतं.

"ऐकतोयस ना?" बायको म्हणाली. तिनं फोन ठेवला नव्हता. "मी विचारलं, कधीपासून?"

साडेबारा व्हायला आले होते. खालून लिफ्टची घंटी ऐकू आली. पाणसळ तिकडे हॉलच्या फरशीवरच राहिली होती, आणि ती उचलायला उठावं असं त्याला वाटत नव्हतं.

"सांगतो," तो म्हणाला. आपण काय सांगणार आहोत ते त्याला ठाऊक नव्हतं. फक्त या वेळी त्यानं फोन स्वतःच्या तोंडासमोर नीट धरला होता, दिसेल असा.